शब्दांची सरहद्द, भाग ७ : कल म्हणावा की चूक?

गेल्या आठवड्यात आपण ‘एरर’ आणि ‘मिस्टेक’ इटालियनमध्ये नेले. तिथे एरोरे आणि झ्बाल्यो हे शब्द तयारच होते. पहिला जरा औपचारिक, दुसरा रोजच्या बोलण्यातला. नजरचुकीला स्विस्ता, छपाईतल्या चुकीला रेफूझो. खरी अडचण ‘बायस’पाशी येते, कारण त्यात चूक आणि कल एकत्र नांदतात.

इंग्रजांच्या बोल्स या खेळातला चेंडू मुद्दाम एका बाजूला झुकता घडवलेला असतो. कितीही सरळ टाका, वेग मंदावला की तो वळतो, आणि वळतो तो ठरलेल्या बाजूलाच. त्या झुकावाला सोळाव्या शतकापासून ‘बायस’ म्हणतात. (इटालियन बोच्चे या खेळातला चेंडू मात्र पूर्ण गोल.) १९७४ साली एमॉस ट्वर्स्की आणि डॅनिएल कानेमान यांनी ‘सायन्स’मधल्या लेखात माणसाच्या अंदाजांना हा शब्द लावला. माणसं वाटेल तशी चुकत नाहीत, ठरावीक दिशेला चुकतात, हे त्यांना दाखवायचं होतं.

इटालियन शब्दकोश ‘बायस’साठी प्रेजुदीत्स्यो सुचवतो, म्हणजे आपला पूर्वग्रह, आधीच करून ठेवलेला निवाडा. न्यायाधीश एका बाजूचा असेल तिथे तो चपखल बसतो. पण आधी एखादा मोठा आकडा कानावर पडला म्हणून आपला अंदाज वर सरकतो, त्यात कुणाबद्दल आकस कुठे असतो? तिथे प्रेजुदीत्स्यो लिहिलं की वाचक मनातली खोट शोधू लागतो. तेंदेन्त्सा लिहावं, तर नुसता कल उरतो आणि चूक निसटते.

संख्याशास्त्राने दिस्तोर्सियोने हा शब्द घेतला. त्यात दोष मापाकडे जातो, माणसाकडे नाही. मला ही निवड फार आवडते. मात्र त्याच शास्त्रात ‘अनबायस्ड’ अंदाजकाला कोर्रेत्तोही म्हणतात, आणि बाजारात, शाळेत कोर्रेत्तो म्हणजे ‘बरोबर’. असा अंदाजक एखाद्या नमुन्यात खऱ्या मूल्यापासून बराच लांब पडू शकतो. सगळ्या शक्य नमुन्यांची सरासरी धरली, तर ती खऱ्या मूल्याएवढी येते, इतकंच. नवख्या विद्यार्थ्याला हा फरक पहिल्याच तासाला सांगायला हवा.

मानसशास्त्रात आता सर्रास ‘बायस कोन्यितीवो’ लिहितात. परक्या शब्दांना विरोध करणाऱ्यांना ते खुपतं. मला वाटतं, तज्ज्ञांच्या ग्रंथात तो राहू द्यावा. पण रुग्णाच्या हाती पडणाऱ्या मजकुरात ‘एरोरे सिस्तेमातिको’, म्हणजे एकाच दिशेने पुन्हा पुन्हा होणारी चूक, असंच लिहावं. शब्द दोन लागतात, पण चूक आणि तिचा कल दोन्ही वाचकापर्यंत पोचतात.

पुढच्या भागात ‘फॉल्ट’. यंत्राचा बिघाड, टेनिसमधली हुकलेली सर्व्हिस, जमिनीतला प्रस्तरभंग आणि माणसाचा दोष, इंग्रजीत सगळ्यांना हाच शब्द चालतो. इटालियनला चार लागतात, आणि त्यातल्या कोल्पाची व्याख्या थेट दंडसंहितेच्या ४३व्या कलमात आहे. सुरुवात तिथूनच करू.