टेम्परेचरचा काटा अचानक उडतो? डिझेल कारचे इंजिन खरेच तापले की मीटर चुकले, असे ओळखा

नागपूर : ३० मे २०२४ रोजी रामदासपेठेतील स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान दाखवले आणि तो आकडा देशभर फिरला. नागपूर व परिसरातील चार केंद्रांपैकी आणखी एकाने ५४ अंश दाखवले. उरलेली दोन केंद्रे मात्र ४४ अंशांच्या आसपास होती. पुढे सेन्सरमधील बिघाडामुळे चुकीची नोंद झाल्याचे हवामान विभागाने स्पष्ट केले. शहर तापलेले होतेच, पण ५६ अंशांपर्यंत नव्हे.

असाच पेच कारच्या डॅशबोर्डवरही पडतो. इंजिनाच्या टेम्परेचरचा काटा रोज मधोमध असतो. एक दिवस तो मध्येच वर उडतो, लगेच खाली येतो किंवा हायवेवर तळाला जाऊन बसतो. गाडी मात्र नेहमीसारखीच पळत असते. अशा वेळी दोन चुका होतात. काही जण घाबरून रेडिएटरपासून वॉटर पंपापर्यंत सगळे बदलून घेतात आणि शेवटी दोष एका गंजलेल्या वायरमध्ये निघतो. काही जण ‘मीटर असेच करते’ म्हणून दुर्लक्ष करतात आणि एका दुपारी इंजिनाचे हेड वाकते. पहिल्या चुकीत पैसे वाया जातात, दुसरीत इंजिन जाते. दोन्ही टाळायच्या तर एकट्या काट्याच्या भरवशावर न राहता त्याच्या म्हणण्याला दुसरा पुरावा शोधावा लागतो.

काटा नेमके काय दाखवतो?

काट्याचा आणि इंजिनाचा थेट संबंध नसतो. सिलिंडर हेडजवळ, थर्मोस्टॅटच्या आसपास कूलंटमध्ये बुडालेला एक छोटा सेन्सर असतो. तापमान वाढले की त्याचा विद्युत रोध कमी होतो. बऱ्याच कारमध्ये २० अंशांना सुमारे अडीच हजार ओहम असलेला रोध ८० अंशांना तीनशेच्या घरात येतो. जुन्या गाड्यांत हा संदेश वायरने थेट मीटरकडे जातो. नव्या गाड्यांत तो आधी इंजिनाच्या कॉम्प्युटरकडे, म्हणजे ईसीयूकडे आणि तिथून डॅशबोर्डवर जातो.

म्हणजे साखळीत कूलंट, सेन्सर, कनेक्टर, वायर, अर्थिंग, ईसीयू आणि मीटर असे सात दुवे आहेत. कुठलाही एक दुवा बिघडला तरी काटा हलतो. वायर तुटली किंवा कनेक्टर सैल झाला तर रोध प्रचंड वाढल्यासारखा दिसतो आणि काटा तळाला जातो. वायर घासून बॉडीला चिकटली तर काटा थेट लाल पट्ट्यात जातो. दोन्ही वेळी इंजिनाचे तापमान अगदी बरोबर असू शकते.

आणखी एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. बऱ्याच कारमध्ये काटा मुद्दाम ‘शांत’ ठेवलेला असतो. कूलंट साधारण ७५ ते १०५ अंशांच्या दरम्यान कुठेही असले तरी तो मधोमध राहतो. ग्राहकाने प्रत्येक चढावर घाबरू नये, हा त्यामागचा हेतू. त्यामुळे अशा गाडीत काटा मध्यावरून खरोखर वर सरकू लागला, तर बरेच काही आधीच घडून गेलेले असते.

एका सेकंदात उडी? संशय वायरिंगवर

कूलंट झटक्यात तापत नाही. सहा लिटर पाणी १० अंशांनी तापवायला सुमारे २५० किलोज्यूल उष्णता लागते. हे एका सेकंदात करायचे तर २५० किलोवॉट शक्ती हवी. छोट्या डिझेल कारच्या इंजिनाची पूर्ण ताकदच ५५ ते ७५ किलोवॉटच्या आसपास असते. त्यामुळे खड्ड्यात गाडी आदळताच किंवा हेडलाइट लावताच काटा वर गेला, तर तो उष्णतेमुळे गेलेला नाही.

याची चाचणी घरच्या पार्किंगमध्ये करता येते. इंजिन गरम आणि चालू असताना हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा डिफॉगर एकेक करून लावा. बटण दाबताच काटा सरकला, तर अर्थिंग पॉइंट तपासायला हवा. गंजलेल्या अर्थमधून जास्त करंट जाऊ लागला की तिथला व्होल्टेज बदलतो आणि मीटरची नोंद चुकते. त्याच क्षणी डिझेलचा काटाही हलत असेल, तर दोष दोन्ही मीटरच्या सामाईक अर्थमध्ये किंवा सप्लायमध्ये असण्याची शक्यता जास्त. अशा वेळी मेकॅनिकच्या आधी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा. अर्थिंग साफ करून नटबोल्ट कसणे हे थोड्या वेळाचे काम आहे.

काटा हळूहळू हलतो? कुठे हलतो ते बघा

काटा दोन-चार मिनिटांत सावकाश सरकत असेल, तर तो बहुधा खरे बोलतो आहे. मग गाडी त्या वेळी कुठे होती, हे महत्त्वाचे.

१. व्हरायटी चौकाच्या सिग्नलवर वर, वर्धा रोडवर मोकळे मिळताच खाली : रेडिएटरचा फॅन संशयित. धावत्या गाडीला वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीला फॅनच वारा देतो. फॅनची मोटर, रिले, फ्यूज तपासा. रेडिएटर आणि एसीच्या कंडेन्सरमध्ये अडकलेली धूळ, किडे, कचराही बघा.

२. शहरात ठीक, समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगाने वर : कूलंट कमी आहे, रेडिएटर आतून चोंदला आहे किंवा वॉटर पंप कमजोर झाला आहे. जास्त वेगात इंजिन जास्त उष्णता बनवते आणि ती बाहेर टाकायला यंत्रणा अपुरी पडते. यात पुढे जाण्याची घाई करू नका.

३. शहरात ठीक, हायवेवर खाली : थर्मोस्टॅट उघडाच अडकलेला असू शकतो. हा मेणाच्या गोळीवर चालणारा व्हॉल्व्ह आहे. साधारण ८२ ते ८८ अंशांना तो उघडू लागतो. कायम उघडा राहिला तर कूलंट सतत रेडिएटरमधून फिरते आणि इंजिन हवे तेवढे तापतच नाही.

डिझेलचे वेगळेपण काय?

डिझेल इंजिन जळण्यासाठी लागते त्यापेक्षा कितीतरी जास्त हवा आत घेते आणि उभ्या गाडीत फारच थोडे इंधन जाळते. त्यामुळे ते सावकाश तापते. नागपुरात डिसेंबर २०१८ मध्ये किमान तापमान ३.५ अंशांपर्यंत उतरले होते. अशा सकाळी डिझेल कार दहा मिनिटे जागेवर चालू ठेवली तरी काटा खालीच राहू शकतो. तो बिघाड नव्हे. गाडी चालवायला घेतली की काटा वर येतो.

मात्र अर्धा तास चालवूनही काटा मध्यावर येत नसेल, तर ‘इंजिन थंड आहे, चांगलेच आहे’ असे समजू नका. थंड इंजिनात ईसीयू जास्त इंधन सोडतो आणि मायलेज घटते. बीएस-६ डिझेल कारमध्ये आणखी एक अडचण आहे. धुरातील काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर अधूनमधून स्वतःतील काजळी जाळून साफ होतो. कूलंट ठराविक तापमानाला पोहोचले नाही, तर अनेक गाड्यांत ही सफाई सुरूच होत नाही. स्वस्तातला थर्मोस्टॅट बदलायचा राहिला म्हणून महागडा फिल्टर चोंदू शकतो.

सर्वांत फसवा प्रकार : वर गेला आणि एकदम खाली आला

काटा वर चढत होता आणि अचानक तळाला आला, तर ‘झाली गाडी थंड’ असे वाटते. इथेच घात होतो. कूलंट गळून पातळी खाली गेली की सेन्सर कूलंटबाहेर, हवेत किंवा वाफेत उघडा पडतो. मग तो प्रत्यक्षापेक्षा कमी तापमान दाखवू शकतो आणि इंजिन मात्र आत भाजत असते. आजच्या बहुतेक इंजिनांचे हेड ॲल्युमिनियमचे असते. ते फार तापले की वाकते, हेड गॅस्केट जाते आणि काम थेट इंजिन उघडण्यावर येते.

ओळखायचे कसे? चढल्यानंतर काटा पडला, हीटरचा नॉब गरमवर असूनही ब्लोअरमधून गार हवा आली, गोडसर वास किंवा बॉनेटमधून वाफ आली, तर मीटरवर विश्वास ठेवू नका. गाडी बाजूला घ्या आणि बंद करा.

दुसरा पुरावा तुमच्या मोबाइलवर

गेल्या दहा वर्षांतल्या बहुतेक कारमध्ये स्टिअरिंगखाली १६ पिनांचे ओबीडी सॉकेट असते. त्यात बसणारे छोटे ब्लूटूथ अडॅप्टर ऑनलाइन मिळते आणि मोबाइल ॲपवर कूलंटचे तापमान थेट अंशांत दिसते.

पहिली तपासणी सकाळी करा. गाडी रात्रभर उभी असली पाहिजे. किल्ली ऑन करा, इंजिन सुरू करू नका. ॲपवर कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान बघा. दोन्ही आकडे एकमेकांच्या आणि बाहेरच्या तापमानाच्या जवळपास हवेत. हवा २८ अंश आणि कूलंट ६० अंश दाखवत असेल, तर सेन्सर किंवा त्याची वायर चुकते आहे. हवामान केंद्रांतली चूकही शेजारच्या केंद्रांशी ताडून पाहिल्यावर अशीच उठून दिसते.

दुसरी तपासणी चालत्या गाडीत, सोबत बसलेल्या व्यक्तीने करावी. ॲपवर आकडा स्थिर आणि काटा मात्र उड्या मारतो, तर दोष मीटरच्या बाजूला. आकडा आणि काटा दोन्ही झटक्यात बदलतात, तर सेन्सर किंवा कनेक्टर. दोन्ही मिळून सावकाश चढतात, तर इंजिन खरेच तापते आहे.

ॲपने एरर कोड दाखवला तर तो लिहून ठेवा. पी०११७ म्हणजे सेन्सरचा सिग्नल फार कमी, पी०११८ म्हणजे फार जास्त. हे दोन्ही बहुतेक वेळा सेन्सर आणि वायरिंगकडे बोट दाखवतात. पी०१२८ आला तर आधी कूलंटची पातळी आणि मग थर्मोस्टॅट तपासा.

गॅरेजमध्ये काय सांगाल?

‘गाडी हीट होते’ एवढेच सांगितले की रेडिएटरपासून सुरुवात होते. त्याऐवजी चार गोष्टी सांगा : काटा झटक्यात हलला की सावकाश, गाडी उभी होती की पळत होती, एसी आणि लाइट चालू होते का, कूलंट किती दिवसांत किती कमी झाले. शक्य असेल तर सोबतच्या व्यक्तीकडून काट्याचा व्हिडिओ काढून घ्या. गॅरेजमध्ये गाडी नेली की काटा नेमका सरळ वागतो, हा अनुभव अनेकांना आहे.

काटा लाल पट्ट्यात गेला तर

अशा वेळी आधी काटा खराच आहे असे समजा, शंका नंतर घ्या. एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर लावा आणि सुरक्षित जागा मिळताच गाडी लेनच्या बाहेर घेऊन इंजिन बंद करा. रेडिएटरचे झाकण गरम असताना कधीही उघडू नका. आतल्या दाबामुळे कूलंट शंभर अंशांच्या वरही उकळत नाही, पण झाकण फिरवताच ते उसळून अंगावर येते. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका. किमान अर्धा-पाऊण तास थांबा. इंजिन पूर्ण निवल्यावर टाकीतील पातळी बघा. ती ‘मिन’च्या खाली असेल तर गाडी टो करून नेणे इंजिनाच्या कामापेक्षा नक्कीच स्वस्त पडते.

उन्हाळा सुरू होण्याआधी, इंजिन थंड असताना कूलंटची पातळी एकदा बघून ठेवा. बोअरच्या पाण्याऐवजी कंपनीने सांगितलेले कूलंटच भरा. क्षारांचा थर साचला की रेडिएटर आतून चोंदतो आणि मग काटा खोटे नाही, खरेच सांगू लागतो.