जुनी बॅटरी : भंगार नव्हे, भांडवल

वारजे-माळवाडीच्या रस्त्यांवर माल वाहणाऱ्या विजेच्या तीनचाकी गाड्या आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. डिझेलचा खर्च वाचतो, धूर नाही आणि ऑगस्ट २०१९ पासून जीएसटीही पाचच टक्के. त्यामुळे आपले व्यापारी व कारागीर बांधवही या गाड्यांकडे वळत आहेत. मात्र नफा-तोट्याचा हिशेब करताना एक बाब मांडायची राहून जाते. ती म्हणजे जुनी झालेली बॅटरी.

विजेची गाडी गल्लीत धूर सोडत नाही हे खरे. परंतु महाराष्ट्रातील बरीचशी वीज अजूनही कोळशावर तयार होते आणि बॅटरीसाठी लागणारे लिथियम, निकेल, कोबाल्ट खाणीतून काढावे लागते. म्हणून एकदा तयार झालेली बॅटरी जितकी जास्त वर्षे कामी येईल, तितका पर्यावरणाचा खरा फायदा.

आम्ही कापडवाले ठाणातून उरलेला तुकडा फेकत नाही. त्याचा कटपीस होतो, कटपिसाची चिंधी, चिंधीची गोधडी. लिथियम बॅटरीचेही तसेच आहे. तिची क्षमता ७० ते ८० टक्क्यांवर आली की गाडीला ती कमी पडू लागते. पण दुकानाच्या इन्व्हर्टरला किंवा सौर पॅनेलची वीज साठवायला तीच बॅटरी तपासणी करून आणखी काही वर्षे वापरता येते. त्यानंतर कारखान्यात तिच्यातील धातू वेगळे काढता येतात. हा माल मोलाचा आहे, म्हणूनच २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लिथियम बॅटरीच्या भंगारावरील मूळ आयात शुल्क माफ करण्यात आले.

धोकाही तितकाच मोठा आहे. लिथियम बॅटरी फोडली, दाबली किंवा चुकीची जोडणी केली तर पेट घेते. मार्च २०२२ मध्ये पुण्याच्या लोहगाव भागात रस्त्याकडेला उभी असलेली ई-स्कूटर जळाली होती. स्वस्त ई-रिक्षांत येणाऱ्या जुन्या पद्धतीच्या बॅटरीत शिसे व आम्ल असते. ती उघड्यावर फोडून शिसे वितळवले की विष हवेत व मातीत जाते. त्याचा सर्वांत मोठा फटका लहान मुलांच्या मेंदूला बसतो. वारज्याशेजारूनच मुठा वाहते, हेही विसरता कामा नये.

ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुनी बॅटरी परत घेण्याची व्यवस्था करणे ही उत्पादकाची जबाबदारी आहे. ती कचऱ्यात पुरणे किंवा जाळणे यास मनाई आहे. दुरुस्ती व पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांना राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते.

तेव्हा गाडी घेतानाच चार गोष्टी विचारून घ्याव्यात : बॅटरी कोणत्या जातीची? हमी किती वर्षांची? जुनी झाल्यावर परत कोण घेणार? आणि तिची किती रक्कम वजा करून मिळणार? उत्तरे बिलावर लिहून घ्यावीत.

ज्या तरुणांना या धंद्यात यायचे आहे, त्यांनी आधी प्रशिक्षण व नोंदणी घ्यावी. जुनी बॅटरी विकताना तिची उरलेली क्षमता मोजून ग्राहकाला स्पष्ट सांगावी. मालातील ऐब लपवून विकणे आपल्या दीनमध्ये जायज नाही, मग तो माल कापडाचा असो की बॅटरीचा. रोजी हलाल राहावी आणि शेजाऱ्याच्या मुलालाही इजा होऊ नये, एवढे सांभाळले तर या धंद्यात बरकत आहे.