गुन्हा पडद्यावरचा, लेखणी आटपाडीची

बायको वारली, हे कसंबसं पचवलेला एक वकील. पोलिसांनी पकडलेली एक बाई हुबेहूब तिच्यासारखी दिसते आणि छातीठोकपणे सांगते, 'मी यांचीच बायको.' नवराबायकोपलीकडे कुणाला ठाऊक नसावेत असे तपशील ती भर कोर्टात सांगू लागते आणि वकिलालाच घाम फुटतो. राजा परांजपे यांचा 'पाठलाग' (१९६४) या पेचावर उभा आहे.

त्या काळात रहस्य म्हटलं की मराठी वाचकाला बाबूराव अर्नाळकर आठवत. हजारावर रहस्यकथा त्यांच्या नावावर जमा. त्यांच्या कथांत पेच पडला की धनंजय हा गुप्तहेर आणि त्याचा साथीदार छोटू हजर. 'पाठलाग'मधल्या नवऱ्याला मात्र असा धनंजय मिळत नाही. ही बाई कोण, याचा छडा त्यालाच लावायचा असतो. त्यामुळे पुराव्यांइतकीच त्याची घालमेलही प्रेक्षकाला धरून ठेवते. जयंत देवकुळे यांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट इतका गाजला, की दोनच वर्षांत राज खोसला यांनी साधना आणि सुनील दत्त यांना घेऊन हिंदीत 'मेरा साया' काढला.

रहस्यपटातलं गाणं पुष्कळदा कथेला खीळ घालतं. इथे आशा भोसले यांच्या आवाजातलं, डोळ्यांना पाखरं म्हणणारं गाणं, गेलेली बायको अजून आसपासच आहे असा संशय पेरतं. संगीत दत्ता डावजेकरांचं, शब्द ग. दि. माडगूळकरांचे.

माडगूळकरांचा जन्म १९१९ चा, आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्याचा. हा मुलूख तेव्हा औंध संस्थानात होता. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या साथीने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. उंच भिंती नाहीत, गजांच्या कोठड्या नाहीत. कैद्यांनी बायकामुलांसह राहायचं आणि शेती करायची.

याच प्रयोगावरून माडगूळकरांनी व्ही. शांताराम यांच्यासाठी 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) लिहिला. सहा खुनी कैदी, त्यांच्यावर विश्वास टाकणारा एक जेलर आणि पडीक जमीन. कैदी पिकवलेली भाजी स्वस्तात विकतात, बाजारातल्या व्यापाऱ्यांचं पित्त खवळतं आणि कैद्यांवर हल्ला होतो. हात उगारायचा नाही, हा जेलरला दिलेला शब्द पाळत ते मुकाट मार खातात. १९५८ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात या चित्रपटाला रौप्य अस्वल मिळालं.

'पाठलाग'मध्ये 'ही कोण?' हा प्रश्न शेवटपर्यंत ताणला जातो. उत्तर कळलं की दुसऱ्यांदा पाहताना निम्मी गंमत कमी होते. 'दो आँखें'मध्ये गुन्हेगार पहिल्यापासून माहीत असतात, प्रश्न असतो तो त्यांचं पुढे काय करायचं हा. रहस्याच्या हिशेबाने 'पाठलाग' सरस, पण पुन्हा पुन्हा पाहावा असा दुसराच.