खो मिळेपर्यंत

ज्या शाळेत आपण एकेकाळी अंगठे धरून उभे राहिलो, त्याच शाळेच्या स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुणा म्हणून खुर्चीत बसण्याचा योग फार थोड्यांच्या पत्रिकेत असतो. गेल्या डिसेंबरात तो माझ्या पत्रिकेत उगवला. त्याला माझी विद्वत्ता कारण नव्हती. ठरलेल्या पाहुण्यांना आयत्या वेळी ताप भरला आणि मी शाळेपासून चार मिनिटांच्या अंतरावर राहतो, एवढेच कारण होते. कॉलेजात मराठी शिकविणारा माणूस अशा वेळी फार उपयोगी पडतो. त्याला न्यायला गाडी पाठवावी लागत नाही आणि भाषण त्याच्या खिशात असतेच.

आमची ही शाळा मुंबईच्या उपनगरातली, मराठी माध्यमाची, अनुदानित. माझ्या वेळी एकेका इयत्तेच्या सहा-सहा तुकड्या असत. आज दोन भरल्या तरी शिक्षकांच्या जिवात जीव येतो. मैदान आहे, पण पावसाळ्यात त्याचे तळे होते आणि उन्हाळ्यात लग्नाचा मांडव. तरीही मुख्याध्यापिकाबाईंनी वाचलेला अहवाल चांगला चार पानी होता. शिष्यवृत्ती परीक्षा, चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांतल्या श्रेणी, आंतरशालेय नाट्यस्पर्धेतले अभिनयाचे बक्षीस, आणि शेवटी मुंबई उपनगर जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेत उपान्त्य फेरी गाठलेला मुलींचा खो-खो संघ. बाईंनी नऊ नावे वाचली, नऊ वेळा टाळ्या झाल्या. मग किंचित आवाज उतरवून त्या म्हणाल्या, "आणि राखीव खेळाडू." त्यांत तीन नावे होती. तिसरे आमच्या कन्येचे.

टाळ्या झाल्या, नाही असे नाही. पण तोवर लोकांचे हात दमले होते.

शाळेच्या जिन्यापाशी लाकडी सन्मानफलक आहे. मी या शाळेत पाचवी ते दहावी काढली, पण त्या फलकावर माझे नाव कुठेही नाही. नाटकात मी प्रॉम्प्टर होतो. विंगेत उकिडवे बसून, वही मांडीवर धरून, मी पाच जणांची भाषणे पाठ केली. त्या वर्षी मिळालेली ढाल अजून कपाटात आहे आणि तिच्याखाली पाच नावे आहेत. तेव्हा 'राखीव' हा शब्द ऐकताना बाकीच्या पालकांपेक्षा मला जरा अधिक लागले, हे कबूल करायला हवे.

यंदा कन्या नववीत गेली आणि घरात हा प्रश्न ऐरणीवर आला. सौभाग्यवतींचे म्हणणे सरळ होते. "अहो, पुढल्या वर्षी दहावी. रोज दोन तास मैदानावर जाते, गुडघे फोडून घेते आणि सामन्याच्या दिवशी बाहेर बसून टॉवेल सांभाळते. खेळत असती तर मी अवाक्षर काढले नसते. तुम्हीच समजवा तिला." खेळातल्या कामगिरीला दहावीत वाढीव गुण मिळतात, असे मी पुटपुटलो. त्यावर "टॉवेल सांभाळण्याला किती मिळतात?" असा प्रतिप्रश्न आला. मला उत्तर देता आले नाही.

समजवायला म्हणून मी कन्येजवळ बसलो खरा, पण मास्तराची जातच अशी की समजवायला बसला की गोष्ट सांगू लागतो. मी तिला १९८८ सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट सांगितली. आझाद मैदानावर हॅरिस शील्डचा उपान्त्य सामना होता. दादरचे शारदाश्रम विद्यामंदिर विरुद्ध सेंट झेवियर्स. चौदा वर्षांचा सचिन तेंडुलकर आणि सोळा वर्षांचा विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अखंड भागीदारी केली. सचिन ३२६, विनोद ३४९, दोघेही नाबाद. डाव पुरे करा असे आचरेकर सरांचे फर्मान आले, तेव्हा कुठे ही जोडी थांबली. विनोदची साडेतीनशेला एक धाव राहिली ती राहिलीच. हे सारे जगाला पाठ आहे. पण शारदाश्रमच्या तंबूत आणखी एक मुलगा होता. त्याची पाळी या दोघांनंतरची. तो पॅड बांधून बसला तो दोन दिवस बसूनच राहिला. त्याचे नाव अमोल मुजुमदार.

पुढे त्याने मुंबईकडून पहिल्याच रणजी सामन्यात, १९९४ साली, हरयाणाविरुद्ध २६० धावा काढल्या. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये अकरा हजारांच्या वर धावा जमविल्या. पण भारताकडून खेळायला त्याला एकदाही बोलावणे आले नाही. त्याची जागा ज्या फळीत होती, ती भरलेली होती. आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांचा प्रशिक्षक हाच अमोल मुजुमदार होता. त्या शालेय सामन्यात समोरच्या संघातून गोलंदाजी टाकून टाकून दमलेला एक मुलगा सायराज बहुतुले. तोही पुढे भारताकडून कसोटी खेळला.

गोष्ट संपवून मी विजयी मुद्रेने पाहिले. कन्या शांतपणे म्हणाली, "बाबा, पण त्याला पॅड तरी दिले होते ना? आमच्या शाळेकडे नी-कॅपचे नऊच जोड आहेत. आत जाणाऱ्या मुलींनाच मिळतात."

यावर अकरा हजार धावांचाही काही उपयोग नव्हता.

त्या शनिवारी मी सामना पाहायला गेलो. खो-खो मी लहानपणी पाहिला होता. पण पाहणे आणि ध्यानात येणे यांत अंतर असते. पाठलाग करणाऱ्या संघाच्या नऊ मुली मैदानात असतात. त्यांतल्या आठ मध्यरेषेवरच्या चौकोनांत, एकीचे तोंड इकडे तर दुसरीचे तिकडे, अशा बसलेल्या. धावते ती एकटी नववी. मागून 'खो' आला की बसलेलीने उठायचे आणि तिच्या जागी धावणारीने बसायचे. खो मिळाल्याविना उठणे हा दोष. म्हणजे ज्या खेळाला आपण धावण्याचा खेळ म्हणतो, त्यात बहुतेक वेळ बहुतेक जण बसलेलेच असतात. मात्र ते बसणे आरामाचे नव्हे. पायाचा चवडा रोवलेला, नजर पुढून पळणारीवर आणि कान पाठीमागे. याच खेळाचा पहिला विश्वचषक जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झाला. भारताच्या मुलींनी आणि मुलांनी दोघांनीही तो जिंकला, आणि दोन्ही संघांचे कर्णधार, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचे होते. तेही कुठल्या तरी मैदानावर असेच चवडा रोवून बसले असतील.

आमची कन्या मैदानाबाहेर बसली होती. पण बसण्याची तऱ्हा तीच, चवड्यावर. मांडीवर टॉवेल होता, हातात सरांचे घड्याळ, आणि तोंड अखंड चालू. "ती निळ्या रिबिनवाली डावीकडेच वळते गं! खांबाशी गाठा तिला!" मुली खरोखरच तिचे ऐकत होत्या. मला माझी विंग आठवली.

शेवटच्या डावात सव्वा मिनिट उरले असताना एका मुलीचा पाय मुरगळला. सरांनी हात केला. जखमी मुलीने लंगडत बाहेर येता येता आपल्या नी-कॅप काढून दिल्या आणि कन्या मैदानात जाऊन बसली. सव्वा मिनिटात तिला एक खो मिळाला. ती उठली, चार-पाच पावले धावली, समोरची निसटली, आणि तिने पुढच्या मुलीला खो दिला. त्या पुढच्या मुलीने झेप घेऊन गडी बाद केला. तरीही सामना आम्ही दोन गुणांनी हरलो.

वाटेत मी तिची समजूत घालावी म्हणून शब्द जुळवीत होतो, तोच ती म्हणाली, "बाबा, खो वेळेवर दिला ना मी? जरा उशीर झाला असता तर ती सुटली असती." पराभवाचे दुःख होतेच, पण तिच्या जिभेवर हा हिशेब होता. आपण किती धावलो याचा नव्हे, पुढचीला वेळेवर उठवले की नाही याचा. प्रगतीपुस्तकात याला रकाना नाही, सन्मानफलकावर जागा नाही. पण चाळीशी ओलांडल्यावर मागे वळून पाहताना मला वाटते, शाळेने मला दिलेल्यापैकी जे संसारात आणि नोकरीत कामी आले, ते बहुतेक त्या विंगेतलेच होते.

घरी आल्यावर मी सौभाग्यवतींना सामन्याची हकीकत सांगितली. त्या काही बोलल्या नाहीत. फुटलेल्या गुडघ्याला हळद लावली आणि स्वयंपाकघरात गेल्या. माझा तर्क होता की प्रकरण दहावीच्या क्लासच्या चौकशीवर जाणार.

सोमवारी संध्याकाळी त्या मंडईतून परतल्या. पिशवीतून मेथी निघाली, वांगी निघाली आणि तळाशी कागदात गुंडाळलेला काळ्या नी-कॅपचा एक जोड.

"दुकान वाटेतच होते," त्या म्हणाल्या.

कन्येने जोड हातात घेतला, ताणून पाहिला आणि आपल्या दप्तरात न टाकता दाराशी ठेवलेल्या शाळेच्या सामानाच्या थैलीत टाकला. सौभाग्यवतींनी काही बोलायला तोंड उघडले, माझ्याकडे पाहिले आणि मिटून घेतले.

आता आमच्या शाळेकडे नी-कॅपचे दहा जोड आहेत.