बदलीचे गाव आणि नवा पत्ता

बदलीचा आदेश हाती पडला की घरात प्रथम नकाशा उघडला जातो आणि मग एकेक प्रश्न पुढे येऊ लागतो. तेथे शाळा कोणती? डॉक्टर कोठे? रेल्वे येते का? राजस्थानातील रावतभाट्याचे उदाहरण घ्यावे. चंबळेच्या काठी, राणा प्रताप सागर धरणालगत वसलेल्या या गावात अणुवीज केंद्र आहे आणि त्याच्या पहिल्या अणुभट्टीतून १९७३ मध्ये व्यापारी तत्त्वावर वीजनिर्मिती सुरू झाली. तेव्हापासून देशभरातील अभियंते, तंत्रज्ञ आणि लेखनिक तेथे सहकुटुंब जात आले आहेत. तारापूर आणि मुंबई येथून गेलेली मराठी कुटुंबेही त्यांत आहेत. गावाला रेल्वे नाही. कोट्याला उतरायचे आणि पुढे रस्त्याने जायचे. किरंदुल, सिंगरौली, नरोरा, कैगा अशी आणखी कितीतरी गावे सांगता येतील.

रिझर्व्ह बँकेच्या वर्गवारीत दहा हजार ते एक लाख लोकसंख्येच्या गावाला अर्धशहरी केंद्र म्हणतात. २०११ च्या जनगणनेत देशात ७,९३५ शहरे व नगरे मोजली गेली. त्यांतील बहुसंख्य याच वर्गात किंवा त्याहून लहान गटात मोडतात. नोकरीच्या निमित्ताने अशा ठिकाणी जाणे ही काही अपवादाची गोष्ट नव्हे. तरीही प्रत्येक कुटुंबाला ती आपल्यावरच प्रथम आल्यासारखी वाटते.

लहान गावी खर्च कमी, हा समज निम्मा खरा आहे. घरभाडे, भाजीपाला, दूध आणि कामावर जाण्यायेण्याचा खर्च निश्चित घटतो. परंतु उत्पन्नाची बाजूही बदलते. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या घरभाडे भत्त्याचे दर शहराच्या वर्गानुसार मूळ वेतनाच्या ३०, २० आणि १० टक्के असे झाले. या दरांनी हिशेब केला तर साठ हजार रुपये मूळ वेतनाच्या कर्मचाऱ्याला महानगरात अठरा हजार रुपये भत्ता मिळतो आणि लहान गावी सहा हजार. दरमहा बारा हजारांची तूट केवळ पत्ता बदलल्याने पडते. वसाहतीत निवासस्थान मिळाले तर भत्ता थांबतो आणि भाड्याची चिंताही मिटते. शहरातील घराच्या कर्जाचा हप्ता मात्र तसाच चालू राहतो.

या हप्त्याविषयी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. नोकरीमुळे दुसऱ्या गावी राहावे लागत असल्याने स्वतःचे घर रिकामे असेल, तर आयकरासाठी ते स्वतःच्या वापरातीलच धरले जाते. जुनी करप्रणाली निवडणाऱ्याला त्या घराच्या कर्जावरील व्याजाची, वर्षाला कमाल दोन लाख रुपयांपर्यंतची, वजावट आणि नव्या गावी प्रत्यक्ष दिलेल्या भाड्यावरील घरभाडे भत्त्याची सवलत, अशा दोन्ही गोष्टी अटींनुसार मिळू शकतात. नव्या करप्रणालीत या दोन्ही सवलती नाहीत. त्यामुळे बदलीच्या वर्षी कोणती प्रणाली निवडायची याचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. गतवर्षीची निवड डोळे मिटून पुढे चालू ठेवणे या वर्षी महागात पडू शकते.

सर्वांत अवघड हिशेब दोन चुलींचा असतो. पत्नीची किंवा पतीची शहरातील नोकरी सोडायची की नाही, मुलगा दहावीत असताना शाळा बदलायची की नाही, या प्रश्नांना कोणाकडेही तयार उत्तर नाही. एकट्याने जायचे ठरले तर दुसरे भाडे, खाणावळ आणि महिन्यातून एकदा-दोनदा प्रवास हे सर्व आधी कागदावर मांडावे. हा आकडा बहुतेकांच्या अंदाजापेक्षा मोठा निघतो. आणि तो एका वर्षाचा आहे की चारांचा, यावर निर्णय पालटतो. जाण्यापूर्वी कार्यालयात हा कालावधी स्पष्टपणे विचारून घेण्यास संकोच करू नये.

नव्या गावातील पहिली खरी अडचण मात्र कागदाची असते. लहान गावात घर बहुधा ओळखीने मिळते. घरमालक भला असतो, भाडे वाजवी असते आणि करार तोंडी असतो. व्यवहार सचोटीने चालतो, पण तोंडी करार कोणत्याही खिडकीवर दाखवता येत नाही. भाडेकराराविना पत्त्याचा पुरावा नाही, पुराव्याविना आधारवरील पत्ता बदलत नाही आणि तो बदलला नाही की पुढील प्रत्येक अर्ज अडतो. म्हणून साध्या कागदावर का होईना, हा आग्रह पुरेसा नाही. रीतसर मुद्रांकावर करार करून घ्यावा. अकरा महिन्यांचा करार सर्वत्र आढळतो, त्याचे कारण १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी त्या कायद्याने सक्तीची केली आहे. महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार निवासी जागेच्या लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी मुदत कितीही असली तरी आवश्यक असून ती जबाबदारी जागामालकाची आहे.

बँकेच्या बाबतीत ही साखळी थोडी सैल आहे. आधारवर जुना पत्ता असला तरी सध्याचा पत्ता खातेदार स्वतःच्या लेखी निवेदनाने बँकेला कळवू शकतो. सरकारी कार्यालय, सार्वजनिक उपक्रम, बँक किंवा सूचिबद्ध कंपनी यांनी दिलेले निवासवाटपाचे पत्र, तसेच दोन महिन्यांच्या आतील वीज वा दूरध्वनीचे बिल पत्त्यासाठी तात्पुरते ग्राह्य धरता येते. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत नव्या पत्त्याचा अधिकृत दस्तऐवज सादर करावा लागतो. एकाच बँकेच्या एका शाखेत पूर्ण झालेली ओळखपडताळणी दुसऱ्या शाखेतही चालते, तिची वैधता संपलेली नसावी इतकेच.

कोअर बँकिंगमुळे खाते जुन्या शाखेत राहिले तरी दैनंदिन व्यवहार कोठूनही होतात. मग खाते हलवावे का? कर्ज, मुदत ठेवी किंवा ज्येष्ठांच्या सेवा यांसाठी समोरासमोर बोलण्याची गरज पडणार असेल तर हलवावे. मात्र शाखा बदलली की आयएफएस संकेतांक बदलतो. पगार, आयकराचा परतावा, लाभांश आणि विम्याचे दावे जेथे जेथे नोंदवले आहेत तेथे तेथे नवा संकेतांक कळवावा लागतो. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे खातेही एका शाखेतून दुसरीत किंवा टपाल कार्यालयात वर्ग करता येते. ते मध्येच बंद करण्याचे काही कारण नसते.

खरा धोका विसरलेल्या खात्याचा आहे. नोकरी बदलून गावी गेलेल्या व्यक्तीचे जुने पगार खाते पगार थांबल्यावर बहुधा साध्या बचत खात्यात रूपांतरित होते आणि त्या खात्याचे किमान शिल्लकेचे नियम लागू होतात. दोन वर्षांहून अधिक काळ खातेदाराने स्वतः एकही व्यवहार केला नाही तर खाते निष्क्रिय ठरते आणि दहा वर्षांनी त्यातील रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जमा होते. ती परत मिळते, पण हेलपाटे घालून. या खात्याशी जोडलेला भ्रमणध्वनी क्रमांक बंद पडला तर प्रश्न आणखी बिकट होतो. जुलै २०१५ पासून दुसऱ्या राज्यात गेल्यावरही तोच क्रमांक कायम ठेवता येतो. नव्या गावात ज्या कंपनीचे जाळे चांगले आहे तिच्याकडे तो वळवून घ्यावा, नवीन घेऊ नये. नवा क्रमांक घेऊन जुना टाकून देणाऱ्याचे सारे सांकेतिक संदेश कालांतराने भलत्याच माणसाकडे जाऊ लागतात.

शाळेच्या बाबतीत १९६३ पासून चालत आलेली केंद्रीय विद्यालये बदलीपात्र कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठीच निघाली आणि प्रवेशाच्या प्राधान्यक्रमात पालकाच्या बदल्यांची संख्या विचारात घेतली जाते. इतर शाळांत मंडळ, माध्यम आणि तिसरी भाषा यांची जुळणी करावी लागते. दाखला मिळण्यास उशीर झाला म्हणून आठवीपर्यंतच्या मुलाचा प्रवेश नाकारता येत नाही, असे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात म्हटले आहे. हे मुख्याध्यापकांना नम्रपणे सांगता आले पाहिजे.

आरोग्य विम्यात मात्र उलटा विचार करावा लागतो. काही पॉलिसींचा हप्ता शहराच्या विभागानुसार ठरतो. लहान गावी गेल्यावर हप्ता कमी करून घेण्याचा मोह होतो. परंतु हृदयशस्त्रक्रियेसाठी रुग्णाला शेवटी मोठ्या शहरातच न्यावे लागते आणि तेथे खर्चाचा काही टक्के भाग स्वतः सोसावा लागतो. वृद्ध आईवडील बरोबर असतील तर वाचलेला हजार-दोन हजारांचा हप्ता एका आजारपणात कितीतरी पटीने वसूल होतो.

वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवले तर नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि त्यासाठी मूळ परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र हवे. सप्टेंबर २०२१ पासून सुरू झालेल्या भारत मालिकेतील क्रमांकाने ही कटकट टळते. सरकारी व सार्वजनिक उपक्रमांतील कर्मचारी तो घेऊ शकतात, तसेच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी आस्थापनांतील कर्मचारीही. गॅसचे सिलिंडर व रेग्युलेटर जुन्या वितरकाकडे जमा करून पावती घ्यावी. अनामत जुन्या दराने परत मिळते आणि नव्या गावी चालू दराने भरावी लागते. मतदार यादीत स्थलांतरासाठी आठ क्रमांकाचा अर्ज आहे.

एवढे सारे झाल्यावरही संध्याकाळ उरते. शहरात संध्याकाळ लोकलमध्ये जात असे. येथे साडेपाचला घरी पोहोचलेल्या माणसाला सातपर्यंत काय करावे ते सुचत नाही. आठवडी बाजाराचा वार, पाणी येण्याची वेळ, बुधवारी बंद राहणारे दुकान हे सारे शेजाऱ्यांकडूनच कळते. त्यामुळे पहिल्या आठवड्यात शेजारी जाऊन चहा घेणे हे शिष्टाचाराइतकेच सोयीचेही असते. मध्य प्रदेश व छत्तीसगडातील अनेक गावांत महाराष्ट्र मंडळे आहेत. गणेशोत्सवाची वाट न पाहता तेथे एकदा जाऊन यावे. भाड्याच्या घरांची बातमी फलकापेक्षा तेथे लवकर मिळते.

निघण्याच्या गडबडीत राहून जाते ते लॉकर. ते दुसऱ्या शाखेत वर्ग होत नाही. जुने सोडून नव्या शाखेत उपलब्धतेनुसार दुसरे घ्यावे लागते. भाडे नियमित भरलेले असले तरी सात वर्षे न उघडलेले लॉकर ठराविक रीत पाळून उघडण्याचा अधिकार बँकेला आहे. नव्या गावी लॉकर मिळेपर्यंत जुने ठेवायचे असेल तर सहधारक म्हणून शहरातच राहणाऱ्या विश्वासू नातेवाइकाचे नाव घालून घ्यावे. या कामासाठी दोघांनाही शाखेत यावे लागते, म्हणून ते सामान बांधण्याच्या आधी करावे.