निन्जाच्या फडक्याआड कोण?

1988 साली बी. सुभाष यांचा 'कमांडो' प्रदर्शित झाला. मिथुन चक्रवर्ती नायक, मंदाकिनी नायिका, संगीत बप्पी लाहिरींचे, अमरीश पुरी 'मार्सेलोनी' नावाचा खलनायक आणि त्याच्या दिमतीला डॅनी डेन्झोंगपा. डॅनीच्या पात्राचे नावच निन्जा. काळ्या कपड्यांतले, तोंडाला फडके गुंडाळलेले मारेकरी या चित्रपटात उड्या मारत येतात आणि मिथुनच्या हातून मरतात. चित्रपटाच्या इतिहासाची पुस्तके अशा सिनेमांवर फारशी शाई खर्च करत नाहीत. तरीही साडेतीन दशकांनंतर 'कमांडो'वर आणि त्याच्या परदेशी भावंडांवर बोलणारे लोक आहेत. कोणता प्रसंग कुठून उचलला, फडक्याआड खरोखर कोण होते, अमुक मारामारीत तोच माणूस किती वेळा मेला, यावर ते तासन्‌तास वाद घालतात. या गप्पांना रिकामटेकडेपणा म्हणायची आपल्याकडे सवय आहे. माझे म्हणणे उलट आहे. स्वस्तातल्या मारधाडपटांच्या बाबतीत रसिकांची ही चर्चा हीच खरी समीक्षा असते आणि बहुतेक वेळा तोच त्यांचा एकमेव इतिहासही असतो.

असे का व्हावे, हे समजायला परभणीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी सिनेमा कसा पोहोचत असे ते पाहावे लागते. हिंदी चित्रपटांच्या व्यापाराने देशाचे वाटे पाडले, ते राज्यांच्या आजच्या सीमांप्रमाणे नव्हेत. हैदराबाद संस्थान 1948 साली संपले, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला. पण वितरकांच्या नकाशावर तेलंगणाबरोबर मराठवाडाही 'निझाम' याच विभागात राहिला. म्हणजे निझामाचे राज्य गेल्यावरही परभणीचा पिक्चर निझामाच्याच वाट्यातून यायचा. शहरांचीही प्रतवारी होती: ए सेंटर, बी सेंटर, सी सेंटर. नवी कोरी प्रिंट आधी मोठ्या शहरात चालायची आणि तिथे झिजल्यावर तिच्या पेट्या लहान गावांकडे निघायच्या. वाटेत रीळ तुटे, चिकटवले जाई, काही फुटांचा तुकडा कायमचा गळे. त्यामुळे मुंबईत पाहिलेला चित्रपट आणि मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी पाहिलेला चित्रपट नावाला एकच असला तरी तंतोतंत तोच असेल याची हमी नव्हती. ऐंशीच्या दशकात व्हीसीआर आले आणि व्हिडिओ पार्लरांमधून परदेशी कराटेपट छोट्या पडद्यावर उतरले, तेव्हा तर हिशोबाची वहीसुद्धा मागे उरली नाही. मिथुनचे नाव ज्या प्रेक्षकांच्या जोरावर टिकले ते बी आणि सी सेंटरचे. वर्तमानपत्रांतली परीक्षणे मात्र मोठ्या शहरांतल्या नव्या शुक्रवारसाठी लिहिली जात. ज्या सिनेमाला परीक्षण नाही, ज्याच्या खेळाची नोंद नाही आणि ज्याची प्रिंटही धड नाही, त्याबद्दलचे ज्ञान पाहणाऱ्यांच्या डोक्यातच साठणार.

आता निन्जाच का, हा प्रश्न. जपानमध्ये इगा आणि कोगा या डोंगराळ भागांतले हेर आणि घातपाती योद्धे इतिहासात खरोखर होते. मात्र अंगभर काळा पोशाख ही बरीचशी जपानी रंगभूमीची देणगी, असे अभ्यासक सांगतात. हेरगिरी करायची तर शेतकऱ्याचा नाहीतर फेरीवाल्याचा वेष अधिक उपयोगी. 1962 च्या 'शिनोबी नो मोनो' या जपानी चित्रपटाने निन्जाला नव्याने लोकप्रिय केले, 1967 साली 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस' या बाँडपटाने त्याला जगभर नेले आणि 1981 मध्ये कॅनन कंपनीच्या 'एंटर द निन्जा'ने त्याचा धंदा उभा केला. त्या चित्रपटाची गोष्ट बोलकी आहे. मूळ कथा कराटेपटू माइक स्टोन यांची होती आणि नायकही तेच होणार होते. पुढे नायक झाले इटालियन नट फ्रँको नीरो, ज्यांना कराटे येत नव्हते. मग मारामारीत नीरोंच्या जागी स्टोन उभे राहिले. प्रेक्षकाला ते खटकणार कसे? तोंड तर झाकलेले! कमी पैशांत सिनेमा काढणाऱ्याला निन्जा इतका प्रिय का झाला, याचे सगळे अर्थशास्त्र त्या फडक्यात आहे. चेहरा दिसत नाही, म्हणून महागडा नट लागत नाही. चार डमी चाळीस माणसांचे काम करतात. सकाळी मेलेला दुपारी पुन्हा कौलावरून उडी मारतो. 1985 चा 'अमेरिकन निन्जा' याच कंपनीचा. लष्करी शस्त्रे पळवणारी टोळी आणि तिच्यासाठी लढणारे निन्जा, हा त्यातला मसाला तीन वर्षांनी 'कमांडो'त दिसतो.

या अर्थशास्त्राचे टोक हाँगकाँगमध्ये गाठले गेले. जोसेफ लाय यांच्या आयएफडी कंपनीसाठी काम करणाऱ्या गॉडफ्री हो या दिग्दर्शकाने शंभराहून अधिक चित्रपट काढले असे मानले जाते. पद्धत अजब होती. कोरिया, तैवान, थायलंड किंवा फिलिपिन्समधला एखादा अनोळखी चित्रपट स्वस्तात घ्यायचा, रिचर्ड हॅरिसनसारखा गोरा नट आणि रंगीबेरंगी कपड्यांतले निन्जे घेऊन थोडे नवे प्रसंग चित्रित करायचे, दोन्हींची सरमिसळ करून नव्याने आवाज भरायचे आणि नवा निन्जापट म्हणून विकायचा. 1985 च्या 'निन्जा टर्मिनेटर'मध्ये हॅरिसन चक्क गारफील्ड या कार्टून मांजराच्या आकाराच्या टेलिफोनवर गंभीर चेहऱ्याने धमक्यांचे बोलणे करतो. दोन चित्रपटांतली माणसे एकमेकांना कधी भेटत नाहीत, फक्त फोनवर बोलतात, कारण ती भेटूच शकत नाहीत. श्रेयनामावलीत टोपणनावांचा सुकाळ असल्यामुळे कागदोपत्री माग काढणे अवघड. तरीही 'निन्जा टर्मिनेटर'च्या पोटात 1984 चा एक कोरियन चित्रपट आहे, हे आज माहीत आहे. अशी माहिती चौकटी, चेहरे, रस्त्यावरच्या पाट्या आणि गाड्या ताडून पाहणाऱ्या चिवट रसिकांमुळे जमत गेली. हे काम दिसायला गमतीचे असले तरी जुन्या पोथीची दोन हस्तलिखिते समोरासमोर ठेवून पाठभेद शोधणाऱ्या संशोधकाच्या कामाहून त्याची शिस्त फार निराळी नाही.

समीक्षा म्हणून या चर्चेचे वेगळेपण असे, की ती कारागिरीपासून सुरू होते. प्रतिष्ठित परीक्षण कथा, आशय, अभिनय या क्रमाने जाते. निन्जापटाचा रसिक विचारतो: उडी खरी आहे की फिल्म उलटी फिरवली आहे? धुराचा बार उडाल्यावर माणूस गायब झाला, म्हणजे कॅमेरा थांबवला का? गाठ कुठे मारली आहे? डमी कोण? फाइट मास्टरने फटका अंगाला लागू न देता लागल्यासारखा दाखवण्यासाठी कॅमेरा कोणत्या बाजूला ठेवला? कुस्तीच्या फडातला जाणता प्रेक्षक निकालापेक्षा डाव पाहतो, तशी ही नजर असते. महागड्या चित्रपटात पैसा ही गाठ लपवतो. स्वस्त चित्रपटात ती उघडी राहते. म्हणून सिनेमा कसा बनतो हे समजून घ्यायला उत्तम चित्रपटापेक्षा फसलेला चित्रपट अनेकदा अधिक उपयोगी पडतो. चित्रीकरण, संकलन आणि ध्वनी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे चांगला सिनेमा विसरायला लावतो आणि वाईट सिनेमा पदोपदी आठवण करून देतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की हे प्रेम नसून टिंगल आहे. पोट भरलेल्यांनी गरीब निर्मात्याच्या तुटपुंज्या साधनांवर हसायचे, याला रसिकता कशी म्हणावी? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. 'सी ग्रेड' हा शब्द चित्रपटाबरोबर तो पाहणाऱ्या माणसालाही चिकटतो आणि शहरातल्या हसण्यात गावच्या प्रेक्षकाची हेटाळणी मिसळलेली असू शकते. पण हसण्याचे दोन प्रकार वेगळे ओळखता येतात. एक हसून थांबते. दुसरे हसल्यावर विचारते, की एवढ्या पैशांत त्यांनी हे जमवले कसे? गारफील्डचा फोन पाहून हसणारा माणूस तो फोन तिथे का लागला, दोन चित्रपट जोडणारा दुवा म्हणून टेलिफोनच का निवडला, इथपर्यंत गेला की त्याचे हसणे अभ्यासात बदलते. मनापासून आवडणाऱ्या गोष्टीचीच माणसे एवढी बारकाईने चिरफाड करतात. टिंगलीला इतकी मेहनत परवडत नाही.

दुसरा आक्षेप नैतिक आहे. हे चित्रपट चोरीचे आहेत, जपानी माणसाचे त्यांतले चित्र खोटे आहे, बायका बहुधा पळवून नेण्यापुरत्या आहेत. मग त्यांचे कौतुक कशाला? चोरीचा मुद्दा आधी घेऊ. 'कमांडो' आणि 'अमेरिकन निन्जा' यांतले साम्य पुढे आणतात ते दोन्ही चित्रपट शेजारी ठेवून पाहणारे रसिकच. शिवाय फरकही त्यांनाच दिसतो: अमेरिकन शिपाई एकटा आणि मितभाषी, तर मिथुनच्या शिपायाच्या वाट्याला गाणी, नाच आणि देशासाठी मरण्याची शपथ. उसन्या सांगाड्यावर आपल्या प्रेक्षकाची भूक कशी चढवली जाते, याचा हा धडा आहे. अर्जुन हिंगोरानींच्या 1981 च्या 'कातिलों के कातिल'मध्ये तर ब्रूस ली वारल्यानंतर त्याची नक्कल करून नाव कमावलेला ब्रूस ले प्रत्यक्ष आणला गेला. म्हणजे नकलेचीही आयात झाली होती. जपानच्या विपर्यस्त चित्राबद्दल आणि स्त्रीपात्रांबद्दल मात्र रसिकांनी सबबी सांगू नयेत. तिथे त्यांची चर्चा अनेकदा तोकडी पडते आणि आठवणींच्या उमाळ्यात वाहून जाते. परंतु दोष दाखवायला आधी चित्रपट समोर असावा लागतो. विसरलेल्या सिनेमावर टीकाही करता येत नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यांत व्यवहारी: असला माल जपून करायचे काय? याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. मूकपटाच्या काळात मास्टर विठ्ठल हा मराठी नट मारधाडपटांचा मोठा तारा होता. 1931 च्या 'आलम आरा'चा नायकही तोच. त्या काळी स्टंटपट म्हणजे पिटातल्या प्रेक्षकांचा खुराक, असे समजले जाई. भारतात तेराशेंहून अधिक मूकपट निघाले. आज त्यांतले अगदी मोजके, तेही बहुतेक तुकड्यांत, उरले आहेत. 'आलम आरा'ची तर एकही प्रत नाही. विठ्ठलची तलवारबाजी कशी होती, हे आपल्याला आता जुन्या जाहिराती आणि छायाचित्रांवरून ताडावे लागते. उलट उदाहरण नादियाचे. 1935 च्या 'हंटरवाली'ची ही चाबूकधारी नायिका दीर्घकाळ गमतीचा विषय होती. 'हंटरवाली' काढणाऱ्या वाडिया घराण्यातल्याच रियाद वाडिया यांनी 1993 मध्ये तिच्यावर माहितीपट केला आणि त्यानंतर नादियाकडे पाहण्याची दृष्टी बदलत गेली. आज स्त्रीप्रतिमा आणि स्वातंत्र्यपूर्व काळाचा अभ्यास करणारे तिला वगळून पुढे जात नाहीत. पुण्यात 1964 पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, पण कोणताही संग्रह शेवटी कुणीतरी मौल्यवान मानलेल्या वस्तूंचाच होतो. काय मौल्यवान आहे हे आधी बोलण्यातून ठरते, मग कपाटात जाते.

पाहणारे पुढे करणारे होतात, हे या चर्चेचे आणखी एक फळ. नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी 2000 साली 'मालेगाव के शोले' काढला. यंत्रमागांच्या या गावात गावचेच लोक नट झाले, साधा व्हिडिओ कॅमेरा वापरला गेला आणि मोठ्या सिनेमाची नक्कल गावच्या बोलीत हसतखेळत झाली. फैजा अहमद खान यांच्या 2008 च्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात ही मंडळी आपला सुपरमॅन हिरव्या कापडापुढे उडवायची खटपट करताना दिसतात, आणि 2024 मध्ये रीमा कागती यांनी याच कहाणीवर 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' केला. फिल्म इन्स्टिट्यूटचे तोंड न पाहिलेल्या माणसाला हे कसे जमले? सिनेमा पुन्हा पुन्हा पाहून आणि 'हे कसे केले असेल' यावर डोके लढवून. निन्जापटाचा रसिक ज्या प्रश्नापाशी रेंगाळतो, तोच प्रश्न मालेगावात कॅमेऱ्यापर्यंत गेला.

परभणीत किंवा सेलू, जिंतूर, गंगाखेडला असा इतिहास नाही असे नाही. तो लिहिलेला नाही. पडदे मिटत चालले, रिळांची यंत्रे भंगारात गेली, व्हिडिओची दुकाने मोबाइलची झाली. पण पेट्या उतरवणारे, यंत्र चालवणारे, भिंतीवर पोस्टर चिकटवणारे, तिकीटखिडकी सांभाळणारे आणि पडद्यापुढच्या वर्गात बसून मिथुनला शिट्ट्या मारणारे लोक अजून आहेत. महाविद्यालयांच्या मराठी, इतिहास आणि पत्रकारिता विभागांना यापेक्षा हाताजवळचा प्रकल्प मिळणार नाही: कोणता चित्रपट कोणत्या वर्षी कुठे लागला, किती आठवडे टिकला, त्यात काय कापलेले होते, लोक कशावर ओरडले. मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात, पोस्टरे आणि तिकिटांची छायाचित्रे काढावीत, एकाची आठवण दुसऱ्याच्या आठवणीशी ताडून घ्यावी, कारण आठवण चुकतेही. चित्रपट थोर होता का, हा वाद नंतर घालता येईल. तो ज्यांनी पाहिला आणि ज्यांनी चालवला त्यांची साक्ष मात्र नंतर मिळणार नाही, म्हणून ती आधी घ्यायला हवी.