टुरिझमची डिग्री घ्यायची की सरळ गाडी घ्यायची?



मागच्या महिन्यात कराडजवळच्या एका गावातून एका वडिलांचा फोन आला. मुलगी बारावी झालीय, तिला टुरिझम शिकायचंय. त्यांचा प्रश्न अगदी सरळ होता. "सर, उसाचं बिल आलंय, थोडे साठवलेलेही आहेत. पोरीला कॉलेजला घालू, की ह्याच पैशात डाउन पेमेंट भरून टेम्पो ट्रॅव्हलर घेऊ? गाडी दारात आली की धंदा सुरू होतोच ना?"

फोनवर मी त्यांना पाच मिनिटांत जे सांगितलं ते अर्धंच होतं. हा प्रश्न आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात चालू असणार, म्हणून उरलेलं अर्धं इथे लिहितोय.

गाडीचं आधी मिटवून टाकू. गाडी चालवणं हा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे आणि सहल काढणं हा वेगळा धंदा आहे. बँकेचा हप्ता बाराही महिने येतो, पर्यटक बाराही महिने येत नाही. मालवणला पावसाळ्यात किल्ल्याची होडी बंद असते. कासला फुलं बघायला गर्दी होते ती साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर. मधल्या काळात ती गाडी दारात उभी राहून इन्शुरन्स आणि टॅक्स खाते. भाड्याने गाडी सगळीकडे मिळते. त्यामुळे गाडी सगळ्यात शेवटी घ्यायची, तीसुद्धा भाड्याचा खर्च हप्त्यापेक्षा जास्त होतोय असं वहीत दिसल्यावर.

आता डिग्रीकडे येऊ.

टुरिझम आणि हॉटेल मॅनेजमेंट एकच, असं समजून फॉर्म भरणारी मुलं मी दरवर्षी बघतो. हॉटेल मॅनेजमेंटमध्ये किचन, सर्व्हिस, हाउसकीपिंग, फ्रंट ऑफिस शिकवतात. टुरिझममध्ये पर्यटनाचा भूगोल, इतिहास आणि वारसा, सहलीचा कार्यक्रम आखणं, तिचं कॉस्टिंग, विमान तिकिटाच्या अमेडियस-गॅलिलिओसारख्या सिस्टिम, पासपोर्ट-व्हिसा, मार्केटिंग, थोडा कायदा आणि एखादी परकी भाषा. स्वयंपाक आवडतो म्हणून कुणी टुरिझमला गेलं तर पहिल्या सेमिस्टरमध्येच तोंड पाडून बसेल.

केंद्र सरकारची या विषयाची स्वतंत्र संस्था आहे, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टुरिझम अँड ट्रॅव्हल मॅनेजमेंट. १९८३ साली सुरू झाली, मुख्य कॅम्पस ग्वाल्हेरला, आणि भुवनेश्वर, नोएडा, नेल्लोर, गोवा इथे केंद्रं. बीबीए आणि एमबीए दोन्ही आहेत. गोव्याच्या केंद्राकडे मी तुमचं खास लक्ष वेधतो, कारण तिथे वॉटर स्पोर्ट्सचं शिक्षण मिळतं, पॉवरबोट चालवणं, जीवरक्षकाचं काम वगैरे. कोकणातल्या मुलांनी हे माहीत करून घ्यायलाच हवं. आपल्याकडे तारकर्लीलाही एमटीडीसीचं स्कूबा डायव्हिंगचं प्रशिक्षण केंद्र आहे. ज्यांना घर आणि कमाई सोडून जाणं शक्य नाही त्यांच्यासाठी इग्नूमध्ये घरबसल्या टुरिझमची पदवी आणि पुढे मास्टर्स करता येतं. फी कमी. पण तिथे तुमच्या मागे लागणारं कुणी नाही, तेव्हा स्वतःला ओळखून निर्णय घ्या.

कॉलेज निवडताना इमारत बघू नका. दोनच गोष्टी विचारा. इंटर्नशिप किती आठवड्यांची आणि कुठे? आणि मागच्या बॅचची मुलं आज काय करतायत? उत्तर देताना समोरचा माणूस ब्रोशर काढायला लागला तर काय समजायचं ते समजा.

डिग्री जे शिकवत नाही, किंवा एका तासात उरकते, त्यावर मी जास्त बोलणार आहे. कारण माझं तोंड तिथेच पोळलंय.

ट्रेनिंगमध्ये येण्याआधी मी तीन वर्षं सहली काढायचो. एका एप्रिलमध्ये माझी एक सहल तोट्यात गेली. हॉटेलवाल्याला पैसे द्यायचे होते आणि खात्यात पैसे दिसत होते, मी दिले. ते पैसे मे महिन्यातल्या सहलीचे ॲडव्हान्स होते. मेच्या सहलीतून तीन कुटुंबं गळाली, त्यांनी रिफंड मागितला, आणि माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. आईची एफडी मोडली. ती मला आजपर्यंत एका शब्दाने बोलली नाही, हे जास्त लागतं.

मोठ्यांचंही वेगळं नसतं. थॉमस कुक या माणसाने ५ जुलै १८४१ रोजी इंग्लंडमध्ये लेस्टर ते लफबरो अशी रेल्वेची सहल काढली, माणशी एक शिलिंग, आणि पाचशेच्या आसपास लोक नेले. आजच्या पॅकेज टूरची सुरुवात तिथून मानतात. त्याच्या नावाची ब्रिटिश कंपनी सप्टेंबर २०१९ मध्ये कर्जाखाली बंद पडली तेव्हा तिचे दीड लाखाच्या वर ब्रिटिश पर्यटक परदेशात अडकले होते आणि सरकारला त्यांना परत आणावं लागलं. (भारतातली त्या नावाची कंपनी वेगळी आहे, तिला काही झालं नाही.) १७८ वर्षांचा अनुभवसुद्धा रोख पैसा संपल्यावर वाचवत नाही.

म्हणून ॲडव्हान्ससाठी वेगळं खातं. त्या सहलीचा पैसा त्याच सहलीला. सहल संपली, सगळी बिलं फिटली, मग जे उरेल ते तुमच्या खात्यात घ्या.

आता कॉस्टिंग. हे वही घेऊन बसून वाचा. आकडे उदाहरणासाठी धरलेत, तुमच्या गावचे दर तुम्ही टाका.

पुणे ते मालवण-तारकर्ली, दोन रात्री, तीन दिवस, टेम्पो ट्रॅव्हलर, १४ माणसं. गाडी ९५० किलोमीटर, २८ रुपये दराने २६,६०० रुपये. ड्रायव्हरचा भत्ता तीन दिवसांचा १,५००. टोल आणि पार्किंग १,९००. तुमचं स्वतःचं राहणं-जेवण ४,०००, आणि हे नवीन माणूस हमखास विसरतो. झाले ३४,०००. माणसं १४ आली काय आणि ४ आली काय, हा खर्च हलत नाही.

दुसरा खर्च माणशी. खोली दोघांत एक धरून दोन रात्रींचे २,०००, नाश्ता-जेवण १,५००, सिंधुदुर्गची होडी वगैरे ३००. एकूण ३,८००.

तुम्ही दर लावला ७,०००. म्हणजे प्रत्येक माणसामागे तुमच्या हातात ३,२०० राहतात, आणि त्यातून ३४,००० भरून काढायचेत. १४ माणसं आली तर ४४,८०० जमतात, नफा १०,८००. छान. आता एका घरात लग्न निघालं आणि चार जण गळाले. १० माणसांचे ३२,०००. म्हणजे तीन दिवस राबून, रात्री दोन वाजता कुणाच्या खोलीतला गिझर बघायला उठून, वर खिशातले २,००० घालायचे. ही सहल ११ व्या माणसाला फायद्यात येते. तो अकरावा कोण, हे गाडी बुक करण्याआधी माहीत हवं. आणि कॅन्सलेशनचा नियम तोंडी सांगायचा नाही, पावतीवर छापायचा. निघायच्या आठ दिवस आत रद्द केलं तर किती कापणार, हे माणूस पैसे देताना वाचतो. नंतर सांगितलं की भांडण होतं, आणि भांडणारा बहुतेक वेळा आपल्याच नात्यातला असतो.

कायद्याच्या चार गोष्टी पटापट सांगतो. पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाडीतून भाडं घेऊन लोक न्यायचे नाहीत. अपघात झाला तर इन्शुरन्स कंपनी हात वर करते. रेल्वेची तिकिटं स्वतःच्या पर्सनल आयडीवरून काढून कमिशनवर विकणं हा गुन्हा आहे, रेल्वे कायदा १९८९ चं कलम १४३, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. "सगळेच करतात" म्हणणारी पोरं मी कोर्टाच्या तारखांना जाताना बघितलीत. अधिकृत एजंट व्हा आणि मगच विका. जीएसटीची नोंदणी सेवेच्या धंद्याला २० लाखांच्या उलाढालीपुढे लागते. इथे गंमत बघा, उलाढाल म्हणजे तुमचा नफा नाही. वरच्यासारखी १४ माणसांची सहल ९८,००० रुपयांची होते, अशा वर्षात २१ सहली केल्या की तुम्ही रेषेपलीकडे. शेतावर पाहुणे ठेवायचे असतील तर राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करून घ्या.

मग त्या कराडच्या मुलीने कॉलेजच्या वर्षांत काय करायचं? मी तिच्या वडिलांना म्हटलं, तिला शिकू द्या, पण पोर सुट्टीत घरी आली की नुसती बसू देऊ नका.

ती जिथे राहते तिथेच तिचा धंदा आहे. कराडला कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम, जवळ आगाशिवची लेणी, वर कोयनेचं जंगल, एका बाजूला प्रतापगड, दुसऱ्या बाजूला पन्हाळा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, ११ महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. त्यातले दोन तिच्या अंगणात आहेत. तिने दर सुट्टीला एकेक जागा अशी बघायची: एसटी किती वाजता, बायकांसाठी स्वच्छतागृह कुठे, सत्तरीच्या माणसाला किती पायऱ्या झेपतील, पाऊस आला तर आडोसा कुठे, खानावळवाल्या मावशींचा नंबर, जवळचा दवाखाना. गुगलवर हे मिळत नाही. तीन वर्षांत अशा तीस जागांची वही झाली की तिला कुठलीही कंपनी नोकरी देईल, आणि नोकरी नाही केली तरी चालेल.

भाषेबद्दल एक वेगळं सांगतो. सगळे फ्रेंच-जर्मन घेतात. पण अजिंठा-वेरूळला बौद्ध देशांतून येणारा पाहुणा बघा, त्यात जपानी आहेत. पुण्यात जपानी शिकवणारे बरेच आहेत, मराठी वाक्याची रचना जपानीला जवळची आहे, कर्ता-कर्म-क्रियापद. गाइड व्हायचं असेल तर विचार करा. मात्र पुरातत्त्व खात्याच्या स्मारकात गाइडचं काम करायला परवाना लागतो, नुसती भाषा येऊन भागत नाही.

डिग्री झाल्यावर निदान एक वर्ष कुणाच्या तरी हाताखाली टूर मॅनेजर म्हणून फिरा. पगार बघू नका, रात्री बस बंद पडल्यावर तो माणूस कुणाला फोन लावतो ते बघा.

वडिलांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग उसाचे पैसे?" मी म्हटलं, फी आणि राहण्याचा खर्च बाजूला काढा, उरलेल्याची एफडी करा, तिच्या नावाने. पहिल्या सहलीला अकरावा माणूस आला नाही तर लागतील.